दाबणे आणि गुदमरणे : इंग्रजी शब्दांची ओळख

ह्या वेळी भित्तिपत्रकासाठी मी काही इंग्रजी शब्द निवडले आहेत. चोक, सफोकेट, स्मदर, स्टायफल, मफल आणि सप्रेस. शब्दकोशात बघितलं तर सगळ्यांपुढे गुदमरवणे, कोंडणे, दाबणे असेच अर्थ दिसतात. मग इतके शब्द कशाला? बाईंनी एक युक्ती सांगितली. प्रत्येक शब्दाला विचारायचं, "तू काय अडवतोस?" मग फरक लगेच कळतो.

१) चोक : हा वाट अडवतो. हा शब्द आपल्या घरात आधीच आलेला आहे. मोरी तुंबली की आपण म्हणतो, "पाइप चोकअप झाला." जुन्या स्कूटरला चोक असतो. तो ओढला की इंजिनात हवा कमी जाते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि थंडीत गाडी सुरू होते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक जास्त वीज जाऊ देत नाही. माणसाच्या घशात घास अडकला तर तेही चोकच. म्हणून लहान भावंडांच्या हातात शेंगदाणे, चिंचोके, गोट्या देऊ नयेत.

२) सफोकेट : इथे घशात काही अडकत नाही, पण श्वासाला चांगली हवाच मिळत नाही. थंडीत काही लोक दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही आणि त्याचा जीव जातो. धान्याचं पेव बरेच दिवस बंद असेल तर त्यातली हवाही वाईट होते. म्हणून पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये. पालकांनो, हे घरी सर्वांना जरूर सांगा.

३) स्मदर : हा वरून झाकून हवा तोडतो. तान्ह्या बाळाच्या तोंडावर गोधडी आली तर बाळ गुदमरतं. म्हणून बाळाचं तोंड नेहमी उघडं ठेवावं. प्लास्टिकची पिशवी डोक्यात घालून खेळू नये. पण हाच स्मदर आगीच्या वेळी आपला मित्र होतो! आगीलाही हवा लागते. पेटत्या पणतीवर पेला पालथा घातला की थोड्या वेळात ती विझते. हा प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करावा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नये. पाणी तेलाच्या खाली जातं, त्याची एकदम वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करावा आणि कढईवर झाकण सरकवावं. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये, कारण वाऱ्याने आग वाढते. जमिनीवर आडवं होऊन लोळावं. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर गुंडाळावी, पण तोंड झाकू नये. नायलॉनचं कापड वापरू नये. नंतर भाजलेल्या जागी साधं गार पाणी ओतावं आणि दवाखान्यात जावं.

पाण्याने विझवण्याला इंग्रजीत क्वेंच म्हणतात. गंमत अशी की तहान भागवण्यालाही क्वेंच म्हणतात. लोहार तापलेला विळा पाण्यात बुडवतो, चुर्र आवाज येतो, तेही क्वेंच. आपणही म्हणतो की लोहाराने विळ्याला पाणी पाजलं!

४) मफल : हा आवाज गुंडाळतो. घुंगरू फडक्यात बांधलं की आवाज बारीक येतो. आजोबांच्या गळ्यातला मफलर ह्याच शब्दापासून आला.

५) स्टायफल : आतून येणारी गोष्ट बाहेर पडू न देणे. प्रार्थनेच्या वेळी जांभई किंवा हसू दाबतो ते स्टायफल. तेवढं चालतं. पण वर्गात शंका आली आणि ती तोंडातल्या तोंडात दाबली, तर ते चांगलं नाही. पोरं हसतील म्हणून पुष्कळ जण विचारत नाहीत. मग पुढचा धडाही कळत नाही. घरी मुलगी काही विचारायला लागली की "गप बस" म्हटलं जातं, तेही स्टायफलच.

६) सप्रेस : हा सत्तेच्या जोरावर दडपतो. सन १८७८ मध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना इंग्रज सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कडक कायदा आणला. तो इंग्रजी वृत्तपत्रांना लागू नव्हता. तेव्हा बंगालमधल्या अमृत बझार पत्रिकेने काय करावं? ती सरळ इंग्रजीतून निघू लागली! पुढे सन १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवलं. तरी केसरी बंद पडला नाही.

आता ओळखा पाहू, कोणता शब्द येईल?
अ) चुलीतून पडलेल्या निखाऱ्यावर माती टाकली.
आ) गुरं धुताना रेडिओ गोणपाटात गुंडाळला.
इ) नळात पालापाचोळा अडकला.

उत्तरं : अ) स्मदर, आ) मफल, इ) चोक.

ज्यांना शंका असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मला विचारावी. मला नाही आली तर आपण दोघं मिळून बाईंना विचारू.

– इयत्ता चौथी