दहा नंबरची सहा पोरं

हिवाळा लागला की कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) फुटबॉल लीग सुरू होते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींसाठी पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. मी सांगतोय ते लहान क्लबांचं, ज्यांच्या सामन्याला खेळाडूंचे धाकटे भाऊ आणि मैदानात शिरलेली एखादी म्हैस एवढेच प्रेक्षक. हंगामाआधी त्यांचा सराव व्हावा म्हणून आम्ही चौघं आठ संघांची स्पर्धा भरवतो. तीन वर्षं झाली.

१. बाद पद्धत ही आयोजकाची सोय, खेळणाऱ्यांची नव्हे. आठ संघ, सात सामने, एका दिवसात खेळ खल्लास, म्हणून पहिल्या वर्षी मी खूश होतो. एक संघ पहाटे गावाहून टेम्पोनं आला आणि साडेनऊला हरून मोकळा झाला. पोरं टेम्पोच्या फाळक्यावर पाय सोडून बसली होती, दुपारचे डबे बांधलेले तसेच. त्यांचे कोच अदबीनं म्हणाले, "सर, वॉर्मअप मात्र छान झाला." पुढच्या वर्षी चार-चारचे दोन गट केले. सामने पंधरा झाले, दिवस दोन लागले आणि रेफ्रींच्या मानधनात माझी शिल्लक गेली. डबे मात्र सगळ्यांचे उघडले.

२. मैदानाच्या रेषांची फक्की पहाटे मारावी. रात्री मारली तर परतीचा पाऊस वाट बघतच असतो. हे मला दोनदा शिकावं लागलं.

३. जर्सीचा रंग आधी विचारावा, हे कुणालाही सुचेल. मला सुचलं नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलवरून भांडणारं हे गाव, त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत उतरले. नाणं उडवलं, हरलेल्यांनी जर्स्या उलट्या करून घातल्या. जरा निवांत होतोय तोच रेफ्रीनं दुसऱ्या संघाच्या दहा नंबरला पिवळं कार्ड दाखवलं. मेस्सीच्या कृपेनं दहा नंबर सहाजण होते. 'दहा नंबर, दाढीवाला' अशी नोंद माझ्या वहीत अजून आहे.

४. नियम पाठ असणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. सातजण असले की सामना सुरू करता येतो, हे मी सगळ्यांना ऐकवत असे. एक संघ खरंच सातजणांचा आला. बाकीच्यांची फाउंड्रीत पाळी होती. मी नियमावर बोट ठेवून शिट्टी मारायला लावली. मध्यंतरापर्यंत चार गोल झाले. मग समोरच्या कप्तानानं आपले दोन राखीव तिकडे पाठवले.

"असं चालत नाही," मी म्हणालो.

"काका, कप कितीचा हाय?"

कप चौदाशेचा होता. मी गप्प बसलो. त्या उसन्या दोघांपैकी एकानं आपल्याच क्लबवर गोल ठोकला आणि ओरडायचं कुणी, हे दोन्हीकडच्यांना बराच वेळ कळेना.