नाडी मोजून झाली तरी हात सोडू नकोस

चि. मृणाल,

ट्यूटरनी तुझ्या रिफ्लेक्टिव्ह डायरीचं पान परत दिलं आणि तू फणफणलीस, हे फोनवर कळलंच. तू वाचून दाखवलंस ते पान माझ्या डोक्यात राहिलं आहे. मेडिसिन वॉर्डातले न्यूमोनियाचे आजोबा. संध्याकाळी चुळबुळ करत होते, पांघरूण फेकत होते, सलाईनचा हात ओढत होते. रात्री त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. खाली तू लिहिलंस, ‘मला खूप वाईट वाटलं. यापुढे मी रुग्णाकडे अधिक लक्ष देईन.’ पान परत आलं ते बरं झालं गं. त्या दोन वाक्यांत आजोबा कुठेच नाहीत, आणि उद्या ड्यूटीवर जाऊन तू नक्की काय वेगळं करणार, तेही नाही.

काय घडलं, काय वाटलं, बरं काय नि वाईट काय, असं का झालं, काय समजलं, पुढच्या वेळी काय करीन, ही डायरीची सहा शीर्षकं तुमच्याकडून पाठ करून घेतात. ग्रॅहॅम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेला हा क्रम. त्यांचं पुस्तक मुळात शिकवण्याच्या पद्धतींवरचं. नर्सिंगने तो क्रम आपलासा केला. क्रम चांगलाच आहे. पण मुली ‘काय वाटलं’वर अर्धं पान खर्च करतात, कारण तिथे काही आठवावं लागत नाही, आणि पहिलं नि शेवटचं शीर्षक दोन-दोन ओळींत उरकतात. मला विचारशील तर सगळा जीव त्या दोन टोकांत आहे.

पहिलं टोक घेऊ. त्या संध्याकाळी तू काय पाहिलंस? चुळबुळ पाहिलीस. वॉर्डात कुणीतरी म्हणालं, ‘म्हातारा हट्टी आहे,’ आणि तुलाही ते पटलं. आता त्यांचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, आठव. श्वासाच्या रकान्यात काय होतं? मी सांगू? २० असणार. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडून पाहा. नाड्या ७२, ८४, ९६ अशा वेगवेगळ्या असतात, ताप दशांशात असतो, श्वास मात्र सगळ्यांचे २०, फार तर २२. ही सवय जुनी आहे. मशीन नाडी सांगतं, ऑक्सिजन सांगतं, बीपी सांगतं. श्वासासाठी मात्र कुणाला तरी खाटेपाशी उभं राहावं लागतं, म्हणून तो राहून जातो.

आणि नेमका तोच आधी बोलतो. न्यूमोनियात, रक्तात जंतू पसरले की, बीपी पडण्याच्या पुष्कळ आधी श्वास वाढतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१२ साली रुग्ण बिघडतोय हे वेळेत ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत आणली. तिच्यात मिनिटाला श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्त असेल तर एकदम तीन, म्हणजे त्या रकान्यातले सर्वांत जास्त. याचा अर्थ ध्यानात घे. न मोजता २० लिहिलं, की रुग्ण ठणठणीत असल्याचा दाखला दिल्यासारखंच झालं. चुळबुळ करणारा न्यूमोनियाचा म्हातारा हट्टी ठरवण्याआधी त्याला ऑक्सिजन कमी पडतोय का, हे पाहायचं असतं.

मोजायचं कसं, ते पुस्तकात आहे, तरी पुन्हा सांगते. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. रुग्णाला वाटू दे, अजून नाडीच चाललीय. नजर छातीवर किंवा पोटावर ठेवायची आणि पूर्ण मिनिटभर मोजायचं. ‘आता श्वास मोजते हं’ असं म्हटलंस की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि लय बदलते. मोजता मोजता बघायचं, मान ताणून श्वास घेतोय का, बोलताना वाक्य तुटतंय का, ओठ कसे दिसतायत.

याचा आणखी एक उपयोग आहे, जो वर्गात कुणी सांगत नाही. विद्यार्थिनीचं वॉर्डात कोण ऐकतं? ‘सर, आजोबा बरे वाटत नाहीत’ म्हणालीस तर रेसिडेंट डॉक्टर मान हलवून पुढे जातील. त्यांचीही झोप झालेली नसते. तेच ‘सकाळी श्वास १८ होता, आता ३० आहे, सॅच्युरेशन ८९, आणि दुपारपासून बेचैन आहेत’ असं म्हण. थांबतील.

असं नेमकं पाहणारी नजर तयार कशी होते? पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी नर्स मुरलेली कशी होते यावर पुस्तक लिहिलं. नर्सेसनी सांगितलेले खरे प्रसंग गोळा करून त्यांनी ते बांधलं. तुमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर लांबूनच ‘त्या खाटेवर काहीतरी बिनसलंय’ म्हणतात ना, त्यात जादू काही नसते. आधी पाहिलेले कितीतरी रुग्ण त्या वेळी कामाला येतात. पण नुसती वर्षं भरून ती नजर येत नाही. तीस वर्षं सगळ्यांचे श्वास २० लिहिणाऱ्याही आहेत.

आता दुसरं टोक, पुढच्या वेळी काय. ‘काळजी घेईन’ हे कुठेही चालतं, म्हणून कुठेच चालत नाही. इन्सुलिनचं उदाहरण घे. आपल्याकडे ४० युनिटची कुपीही असते आणि १०० चीही. ‘इन्सुलिन देताना दक्ष राहीन’ असं लिहिण्याऐवजी लिही, ‘आधी कुपीवरचा आकडा वाचीन, ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी.’ १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलंस, तर रुग्णाला २५ युनिट जातात. पुढचं पाऊल असं असावं, की ते केलं की नाही हे दुसऱ्या कुणालाही तपासता येईल.

आणि सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊ नकोस. खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या, ड्यूटीला दोन स्टाफ, पल्स ऑक्सिमीटर एकच आणि तोही दुसऱ्या टोकाला, हेही ‘असं का झालं’मध्ये लिहायचं. तुझ्या हातात होतं ते वेगळं, नव्हतं ते वेगळं. दोन्ही एकत्र कालवलंस की एक तर रडत बसशील, नाहीतर निर्ढावशील. दोन्ही प्रकारच्या मुली मी पाहिल्या आहेत.

डायरीत रुग्णाचं नाव, खाटेचा नंबर, गाव लिहायचं नाही. वॉर्डातले फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर तर मुळीच नाहीत. आणि औषध चुकलं, डोस राहिला, रुग्ण पडला, तर ते डायरीसाठी राखून ठेवायचं नाही. त्याच क्षणी स्टाफला सांगायचं, ओरडा बसला तरी. डायरी रात्री लिहायची असते. रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

ते पान पुन्हा लिही. त्याआधी आयसीयूत जाऊन आजोबांचं पुढे काय झालं ते विचारून ये आणि तेही लिही. रुग्ण वॉर्डातून हलला की विद्यार्थिनी त्याला विसरतात, मग आपलं निरीक्षण बरोबर होतं की चूक, हे कळायचं कसं? आणि सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे, खिशाला लावायचं. पैसे तुझ्या बाबाकडे मागू नकोस, मी पाठवते.

तुझी,
सुमनआत्या