नेमलेले वाचन : किती आणि कसे?

आपल्या निवासी शाळेतून जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत गेलेले विद्यार्थी सुटीत भेटावयास येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, एकेका पेपरला पाच-सहा ग्रंथ नेमले आहेत. सगळे वाचलेच पाहिजेत का?” हा प्रश्न आळसातून येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी हात लावावा लागतो. कुणी सायंकाळी दुकानात काम करतो. वेळ खरोखरच थोडा असतो.

इतिहासात एम. ए. करताना मी स्वतः गाईडवर निभावून नेले आणि उत्तीर्णही झालो. पुढे वर्गात एका मुलीने विचारले, “बाबासाहेबांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण कुठे झाले?” मी बेधडक सांगितले, “लाहोरला.” नंतर मूळ ग्रंथ हाती घेतला आणि खजील झालो. ते भाषण झालेच नव्हते. जात-पात तोडक मंडळाला त्यातील विचार पेलले नाहीत, अधिवेशन रद्द झाले आणि बाबासाहेबांनी १९३६ साली ते स्वखर्चाने छापले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका व तिला दिलेले उत्तरही जोडले. हे सारे ग्रंथाच्या आरंभीच्या व अखेरच्या पानांत होते. माझ्या गाईडात फक्त निष्कर्ष होते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वाचनाची वाटणी करा. प्रत्येक विषयाचा एक मूळ ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांची प्रस्तावना, अनुक्रमणिका व समारोप वाचून आपल्या प्रश्नाशी संबंधित तेवढेच प्रकरण निवडा. प्रत्येक ग्रंथावर स्वतःच्या शब्दांत अर्धे पान टिपण लिहा. ते लिहिता आले नाही, तर वाचन झाले नाही असे समजा. गाईड उजळणीपुरतेच ठेवा.

पालकांनीही परीक्षेपूर्वीचे निदान पंधरा दिवस मुलांना घरकामातून मोकळे करावे.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यास आले, तेव्हा तेथे मुक्कामी होते. ती दुसरी आवृत्तीही त्याच वर्षीची. यंदा जाताना ती वाचून जाऊ या. काय वगळायचे हे ठरविण्याचा अधिकार वाचणाऱ्यालाच असतो. न वाचणाऱ्यासाठी ते गाईड छापणारा ठरवितो.