परदेशातून डॉक्टर, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरकडच्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. नीटमध्ये गुण कमी पडले, खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, मग मुलाला रशिया, जॉर्जिया किंवा कझाकस्तानला पाठवायचे का? एजंट सहा वर्षांचा खर्च कागदावर मांडून देतो. उसाचे बिल, थोडे कर्ज, वेळ पडली तर एखादा एकर, असा हिशेब बसतो. मात्र सातव्या वर्षापासून पुढचे त्या कागदावर काहीच नसते.

जाण्यापूर्वीच्या अटी आधी पाहू. २०१८ पासून परदेशी शिक्षणासाठीही नीट उत्तीर्ण असणे सक्तीचे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हावी, आणि त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसा व्यवसायाचा परवाना मिळण्यास विद्यार्थी पात्र असावा. सर्व शिक्षण १० वर्षांत संपले पाहिजे. परवान्याच्या अटीविषयी एजंट सहसा बोलत नाहीत. पालकांनी ती लेखी विचारावी.

परत आल्यावर एफएमजीई ही चाळणी परीक्षा असते. २००२ पासून ती वर्षातून दोनदा होते. प्रश्न ३००, उत्तीर्ण होण्यास १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपे वाटते, पण अलीकडच्या वर्षांत ढोबळमानाने चार-पाच जणांत एकच पार होतो. तिच्या जागी नेक्स्ट ही परीक्षा आणण्याचे ठरले होते, ते २०२३ मध्ये पुढे ढकलले गेले.

चाळणी पार झाली की भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. येथेही जागा मोजक्या. आयोगाने २०२२ मध्ये महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या जास्तीत जास्त साडेसात टक्के जादा जागा परदेशी पदवीधरांना देण्याचे कळवले. त्यांच्याकडून फी घेऊ नये, विद्यावेतन इतरांइतकेच द्यावे, असेही सांगितले. बारामतीचे शासकीय महाविद्यालय २०१९ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. तेवढ्या जागांना हे प्रमाण लावले तर सात-आठ जण होतात.

यानंतर निवासी डॉक्टर होण्याची, म्हणजे एमडी-एमएसची वाट. नीट-पीजी सर्वांना एकच. पदवी परदेशातली म्हणून गुण कमी धरले जात नाहीत, पण सवलतही नाही. राज्य कोट्याच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहाव्यात. हिशेब असा: शिक्षणाची सहा वर्षे, चाळणीच्या तयारीचे एखादे, इंटर्नशिपचे एक, नीट-पीजीचे एखादे, निवासी काळाची तीन. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा तज्ज्ञ होईपर्यंत तिशी गाठतो. घेतलेल्या कर्जाचे व्याज तोवर थांबत नाही.

काहींच्या मनात अमेरिका असते. तिथे यूएसएमएलईच्या परीक्षा, मग ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र आणि शेवटी 'मॅच'मध्ये जागा. अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांत २०२४ मध्ये दहापैकी सुमारे सहा जणांना जागा मिळाली. आकडा बरा दिसतो. मात्र पायरी-पायरीने गळून उरलेलेच त्या रांगेत उभे असतात.

ज्यांची मुले आधीच बाहेर आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. तिसऱ्या वर्षापासूनच चाळणीचा अभ्यास भारतीय पुस्तकांतून सुरू करावा. तिकडे सहसा न दिसणारे रोग आपल्याकडे रोजचे. नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांचे दंश, क्षयरोग, डेंग्यू, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम यांवर प्रश्न येतात. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीने उपजिल्हा रुग्णालयात आठ-पंधरा दिवस नुसते उभे राहून पाहिले, तरी उसाच्या फडातून आलेला सर्पदंशाचा रुग्ण त्याला पुस्तकाच्या चार पानांपेक्षा जास्त शिकवील.