रंग एकच, मग द्रव ओळखायचा कसा? (परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान)



"सर, चाखून बघू का?" पारदर्शक द्रवाची बाटली पुढे ठेवली की मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. आजचा पाठ याच सवयीसाठी आहे. चव न घेता द्रव ओळखायला मुलांना शिकवूया.

साहित्य : चार सारख्या बाटल्या घ्या, त्यांवर अ, ब, क, ड लिहा. एकीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत मिठाचं पाणी, तिसरीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, चौथीत पांढरा व्हिनेगर. कशात काय ते फक्त तुमच्या वहीत असू द्या.

चाचणी १ – थेंब वाळवणे. स्टीलच्या ताटलीत प्रत्येकाचा एक थेंब उन्हात ठेवा. दोन थेंबांचा पांढरा डाग राहील, दोघांचा राहणार नाही. शेजारी बोअरच्या पाण्याचाही थेंब ठेवा. त्याचा डाग दिसला की घरच्या भांड्यावर क्षार का बसतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

चाचणी २ – हळदीचा कागद. डाग पडलेल्या दोघांपैकी ज्यात कागद लाल होतो, ते सोड्याचं पाणी. उरलं ते मिठाचं.

चाचणी ३ – जास्वंदीचा अर्क. डाग न पडलेल्या दोघांत अर्क टाका. ज्यात लालसर गुलाबी रंग येतो, ते व्हिनेगर.

चाचणी ४ – उत्कलनांक (ही फक्त शिक्षकांनी करावी). ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला तापमापक घ्या. तापाचा थर्मामीटर चालणार नाही. तापमापकाचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटर उकळू लागलं की आच वाढवली तरी पारा एका जागी थांबतो. पुस्तकात १०० अंश लिहिलंय, पण आपला सोलापूर-तुळजापूर पट्टा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ ते ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. मुलांना आलेलं उत्तरच लिहू द्या. अर्ध्या लिटरमध्ये साधारण ६० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनांक जवळपास २ अंशांनी वाढतो, आणि पाणी आटेल तसा पारा हळूहळू वर सरकत राहतो. शुद्ध द्रव आणि द्रावण यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो.

तक्ता : बाटली – अंदाज – चाचणी – निरीक्षण – निष्कर्ष. एका चाचणीवर निकाल द्यायचा नाही, हे मुलांकडून वदवून घ्या.

सावधगिरी : सॅनिटायझर, स्पिरिट, रॉकेल, पेट्रोल यांना आच लावायची नाही. अनोळखी द्रव चाखायचा नाही, बाटलीला नाक लावायचं नाही.

मोठ्यांसाठी एक गोष्ट. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, दारूतलं इथेनॉल ७८.४ अंशांना. दोन्ही बिनरंगी, वासही जवळपास सारखा. जिभेला न कळणारा फरक प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतो.

गृहपाठ (पालकांसह) : फवारणीचं औषध, ॲसिड, रॉकेल कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरलेलं असेल तर आजच शोधा. मूळ डब्यातलं औषध डब्यातच राहू द्या. बाकीच्यांवर ठळक नाव लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.