तळोज्याचा पाऊस आणि आपला पाऊस : उतरत्या पावसाळ्यात आठवड्याचा अंदाज कसा वाचावा



पितृपंधरवडा संपतो, घट बसतात आणि कारखान्यावर गळिताच्या तयारीला वेग येतो. नेमका ह्याच दिवसांत पावसाचा भरवसा सगळ्यात कमी. घाटावरच्या गावोगावची पोरं तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला आहेत. सकाळी तिकडून फोन येतो, "आण्णा, हिकडं आभाळ कोरडं ठाक हाय." आण्णा माणसं लावून उसाला खत टाकून घेतात. चार वाजता ढग फुटतो आणि युरिया ओढ्याला जातो. पोरगं खरंच बोललं होतं. ऋतू उलटा फिरला होता, एवढंच.

हे उलटं फिरणं नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जून ते ऑगस्ट वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. ढग आधी पनवेल-तळोज्याला भिजवतात, मग सह्याद्रीला धडकून घाटमाथ्यावर रिते होतात, आणि उरलंसुरलं आपल्याकडं येतं. त्या दिवसांत तळोज्याचा फोन ही आपल्याला आगाऊ वर्दीच असते. सप्टेंबर उतरणीला लागला की वरचा वारा पूर्वेकडून वाहू लागतो. जमिनीत ओल भरपूर, दिवसा ऊन कडक. दुपारपर्यंत आपल्या डोक्यावरच ढगांचे मनोरे उठतात, गडगडाट होतो, आणि तेच ढग पश्चिमेला सरकत कितीदा तरी संध्याकाळी घाट उतरून कोकणात जातात. म्हणजे आता फोन आपण करायचा आणि तळोजेकरांनी ऐकायचा!

त्यांचंही नुकसान थोडं नसतं. तळोजा पाचनंद, तळोजा मजकूर ही मूळची भातशेतीची गावं. कारखाने, इमारती वाढल्या, तरी पनवेल तालुक्यात भात अजून आहे. कर्जत-३ सारखी हळवी जात ह्याच सुमारास कापणीला येते. कापलेलं भात एक-दोन दिवस शेतात वाळवावं लागतं. त्यावर संध्याकाळची एक सर पडली, तर दाणा काळवंडतो, लोंबीतच कोंब फुटतो. शिवाय तिथली कासाडी नदी पनवेलच्या खाडीला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाऊस गाठला, की पाण्याला वाट राहत नाही. आपल्याला भरती-ओहोटीचं काही नाही. तिथं मात्र अंदाजासोबत भरतीची वेळही बघावी लागते.

आता अंदाज. हवामान खात्याने महाराष्ट्राचे चार उपविभाग केले आहेत : कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. तळोजा कोकणात, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर हे मध्य महाराष्ट्रात. "मुंबईसह कोकणात जोरदार" हे आपल्यासाठी नव्हेच. आपला जिल्हा कोणत्या रांगेत आहे ते आधी बघा.

मग शब्द. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या शंभरातल्या पंचविसापर्यंत केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" पंचाहत्तरपर्यंत, आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्याही वर. तुरळक म्हणजे थोडा पाऊस, असा अर्थ कित्येक जण घेतात, तो चूक आहे. तुरळक ठिकाणी मुसळधारही पडू शकतो. शेजारच्या शिवारात तळं आणि आपल्याकडं धूळ, असा. "जोरदार" हे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, "अति जोरदार" ११५.६ पासून, आणि २०४.५ पासून "अत्यंत जोरदार". एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटरचं किती? अडीच लाखांच्या वर. चर काढलेले नसतील तर हे पाणी जाणार कुठं, त्याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

रंगांचं थोडक्यात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. पहिल्या दोन दिवसांचा अंदाज धरून चालावं. पाचव्या-सहाव्या दिवसाचा हा निव्वळ कल समजावा. त्याच्या जोरावर मजुरांना उचल देऊ नये.

पावसाळा संपला हे कोण ठरवतं? खात्याचं गणित असं, की १ सप्टेंबरनंतर सलग पाच दिवस पाऊस नको, खालच्या थरात वारे उलटे फिरायला हवेत आणि हवेतली ओल घटायला हवी. हे आधी राजस्थानच्या पश्चिमेला होतं. २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे तिथं सरासरी १७ सप्टेंबर, मुंबईत ८ ऑक्टोबर. तळोजा मुंबईच्या कुशीतच, तेव्हा तीच तारीख तिथं धरावी. पण ही सरासरी आहे, कराराची तारीख नव्हे.

आणि आठवड्याचा अंदाज बघताना एक नजर बंगालच्या उपसागराकडं असू द्या. २०२० चं उदाहरण घ्या. १३ ऑक्टोबरला सकाळी काकिनाड्याजवळ कमी दाबाचं खोल क्षेत्र किनाऱ्यावर चढलं. तेलंगण, उत्तर कर्नाटक करत ते दक्षिण महाराष्ट्रावरून गेलं आणि १५ तारखेपर्यंत अरबी समुद्रात उतरलं. सोलापूर, पंढरपूर भागात पूर आले, उभा ऊस लोळला. २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं गुलाब वादळ असंच मराठवाड्याला झोडपून पश्चिमेला गेलं आणि अरबी समुद्रात पुन्हा वादळ होऊन शाहीन म्हणवलं गेलं. दोन्ही वेळी हाती दोन दिवस होते. पंप काढायला, जनावरं वर न्यायला तेवढे पुरतात; पण बातमी ऐकली असेल तर!

बातमी मिळण्याची सोय जुनी आहे. पुण्याला १९३२ साली शेतीहवामानाचा विभाग निघाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता लागू लागली. आज मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसल्ला निघतो; तो मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो. विजेसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे. ह्या दिवसांत दुपारी तीन ते सात विजेची वेळ. त्या वेळात बाभळीखाली आडोसा घेऊ नका, माणसांना घेऊ देऊ नका.

ऊसवाल्यांना एवढंच सांगायचं : पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबरपासून १५ नोव्हेंबरपर्यंत करता येते, तेव्हा वाफसा येण्याआधी सरीत उतरायची घाई नको. खत टाकायचं ते सलग दोन कोरडे दिवस दिसतील तेव्हा, आणि सकाळी. ऊस लोळलाच, तर त्याच आठवड्यात गटाच्या चिटबॉयला दाखवून नोंद करून घ्या. लोळलेल्या उसाला उंदीर लागतो, कांड्यांवर डोळे फुटतात, उतारा घसरतो. तोडणी कार्यक्रमात तो पुढे घ्यायचा झाला तर शेतकी खात्याच्या वहीत त्याची नोंद असावी लागते.