शेंगदाण्याचे वावडे

पालकहो, भुईमुगाची काढणी लागली की मुलांचे खिसे शेंगांनी भरलेले असतात. बहुतेकांना त्या मानवतात. एखाद्याला मात्र एक दाणाही सोसत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत, सहसा २ तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात. आपण म्हणतो, ‘पित्त उठले’, आणि आमसुलाचे पाणी चोळतो. आमसूल गुणाचे खरे, पण श्वास अडू लागला तर त्याचा काही उपयोग नाही.

खोकला, छातीत घरघर, बसलेला आवाज, एकसारख्या उलट्या किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसले, मग अंगावर गांधी नसोत, तरी क्षणभर थांबू नये. मूल दगावू शकते. त्याला चालवू नये. आडवे निजवून, धाप असल्यास बसवून, थेट इस्पितळात न्यावे व ‘दाणे खाल्ले’ हे आधी सांगावे. तेथे मांडीत अ‍ॅड्रिनलिन टोचतात. खाजेच्या गोळीवर भागत नाही. उतार पडला तरी डॉक्टर सांगतील तोवर तेथेच राहावे, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

पुढे दाण्याचे कूट, चटणी, लाडू, घाण्याचे तेलही वर्ज्य. भाजल्याने दोष जात नाही. शाळेत व शेजारीपाजारी सांगून ठेवावे.